पाण्याच्या मीटरवर कॅमेरा: मॉडेल नेमकं कुठे चालवायचं, याच्या नोंदी

काम थोडक्यात असं: पाण्याच्या मीटरसमोर छोटा कॅमेरा बसवायचा, दर दहा मिनिटांनी आकडे वाचायचे, आणि मध्यरात्री सगळे नळ बंद असताना शेवटचं चाक सरकत असेल तर गळती आहे म्हणून कळवायचं. मीटर जुन्या पद्धतीचा, फिरत्या चाकांचा. त्यातून विजेचा कसलाही सिग्नल बाहेर पडत नाही, त्यामुळे डोळ्यांनी वाचण्याला पर्याय नाही. आकडे ओळखणारं मॉडेल (उदाहरणांवरून शिकवलेला प्रोग्राम) कुठे चालवायचं हे आधी ठरवलं नव्हतं. दूरचा सर्व्हर, सीडीएनचं (वेबसाइटच्या प्रती ठिकठिकाणी साठवणाऱ्या कंपनीचं) जवळचं केंद्र, घरातला छोटा संगणक आणि शेवटी खुद्द कॅमेऱ्याचा बोर्ड, असं ते खाली खाली सरकत आलं. यातल्या शेवटच्या तिन्ही जागा ‘एज’ म्हणजे ‘कड’ याच नावाने विकल्या जातात.

४ जानेवारी २०२५

बोर्ड ईएसपी३२-कॅम. दोन मेगापिक्सेलचा ओव्ही२६४० कॅमेरा, ५२० किलोबाइट आतली मेमरी, ४ मेगाबाइट पीएसरॅम, म्हणजे बाहेरची, थोडी संथ मेमरी. आज मॉडेलचं नावही काढलं नाही, सगळा दिवस प्रकाश, भिंग आणि वीज यांत गेला.

भिंग लांबच्या अंतरासाठी पक्कं करून गोंदाने चिकटवलेलं येतं. मीटर दहा सेंटिमीटरवर, त्यामुळे आकडे पुसट. ब्लेडच्या टोकाने गोंद खरवडून भिंग थोडं उलटं फिरवल्यावर आकडे धारदार दिसले. ओढू नका, खालची पट्टी लगेच सुटते.

बोर्डावरचा पांढरा दिवा थेट काचेवर पडला की मधले दोन आकडे चकाकीत गायब होतात. दिव्यावर ट्रेसिंग पेपरची दुहेरी घडी चिकटवली, काम झालं. याच दिव्याची पिन मेमरी कार्डाशी वाटून घेतलेली आहे, म्हणून कार्डावर काही लिहिलं की दिवा आपोआप लुकलुकतो. कार्ड एक-बिट पद्धतीने उघडलं की हे थांबतं.

वाय-फाय सुरू होताच बोर्ड पुन्हा पुन्हा रीसेट होत होता आणि संगणकाला जोडलेल्या सिरियल तारेवर ‘ब्राउनआउट डिटेक्टर’ची (व्होल्टेज पडलं की बोर्ड रीसेट करणाऱ्या सोयीची) ओळ येत होती. रेडिओ चालू होतानाचा विजेचा झटका बारीक, लांब वायरीला पेलत नाही. जाड आणि आखूड वायर, वेगळा ५ व्होल्टचा पुरवठा, आणि बोर्डाच्या अगदी जवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. डिटेक्टरच बंद करण्याचा सल्ला बरेच जण देतात, तो ऐकू नका. लिहिता लिहिता व्होल्टेज पडलं तर कार्ड खराब होतं, आणि ते कळतं फार उशिरा.

११ जानेवारी

मॉडेल दूरच्या सर्व्हरवर. बोर्ड फक्त फोटो काढतो आणि पाठवतो. पहिल्या दिवसापासून नीट चाललं, आणि ज्याला फक्त आकडा हवा आहे त्याने इथे थांबायला खरं तर हरकत नाही.

मी थांबले नाही, त्याची दोन कारणं. एका फोटोचं वजन सुमारे १५० किलोबाइट. दिवसाला १४४ फोटो म्हणजे साधारण २१.६ मेगाबाइट, आणि प्रत्येक फोटोतून हाती येतात सहा आकडे. दुसरं कारण जास्त टोचणारं. फोटोत मीटरशिवाय काहीच नाही, मग खासगी काय आहे असं वाटतं. पण दहा-दहा मिनिटांचा वापर आठवडाभर बघितला की घर कधी उठतं, कधी झोपतं आणि कधी रिकामं असतं हे कुणीही सांगू शकेल. तो आलेख परक्याच्या यंत्रावर कशाला?

१९ जानेवारी

मॉडेल सीडीएनच्या एज फंक्शनवर. शब्दाचा हा सर्वांत जुना अर्थ. १९९८ साली अकामाय सुरू झाली तेव्हापासूनची कल्पना अशी की मूळ सर्व्हरवरची चित्रं आणि पानं वाचणाऱ्याच्या जवळच्या केंद्रात साठवून ठेवायची. कड म्हणजे नेटवर्कची कड, आणि ती पूर्णपणे कंपनीच्या मालकीची. पुढे त्याच केंद्रांवर लोकांचा कोडही चालायला लागला.

फायदा सगळा अंतराचा आहे. काचतंतूत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे हजार किलोमीटरवरच्या सर्व्हरला जाऊन-येऊन किमान १० मिलिसेकंद लागतातच. केंद्र जवळ आलं की ते वाचतात. माझं वाचन दर दहा मिनिटांनी होतं. दहा मिनिटांतले शंभर-दीडशे मिलिसेकंद वाचवून मी काय करणार?

तरी करून बघितलं. मॉडेल वेबअसेम्ब्लीत, म्हणजे तिथे चालू शकेल अशा कोडच्या रूपात बांधलं. तिथे प्रत्येक विनंतीला सीपीयूचा वेळ अगदी मोजून मिळतो, आणि जेपीईजी उघडण्यातच तो संपत होता. मॉडेलची पाळीच येत नव्हती. मग बोर्डावरच आकड्यांचे तुकडे कापून तेवढेच पाठवले, तेव्हा कुठे बसलं. बसल्यावर लक्षात आलं की कठीण भाग, म्हणजे आकडे कुठे आहेत ते शोधून कापणं, बोर्डच करतो आहे. उरलेल्या कामासाठी एवढा प्रवास करायचा, तर ते काम इथेच का नको? आणि आलेख परक्याच्या यंत्रावर, ही तक्रार तशीच राहिली होती. फंक्शन बंद केलं.

मोबाइल टॉवरजवळची एज वापरून बघता आली नाही. एत्सी या युरोपीय मानक संस्थेने २०१४ मध्ये त्यासाठी गट काढला. तेव्हा त्याच्या ‘एमईसी’ या नावातला (ई-सी म्हणजे एज कंप्यूटिंग) एम ‘मोबाइल’चा होता, नंतर तो ‘मल्टी-ॲक्सेस’चा झाला. पण ती एज नेटवर्क चालवणाऱ्याची. एकट्यादुकट्याने मीटर वाचायला तिथे शिरायची सोय नाही.

१ फेब्रुवारी

मॉडेल घरातल्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर. बोर्ड फोटो स्थानिक नेटवर्कवर टाकतो, पाय वाचतो, मॉस्किटो या निरोप पोचवणाऱ्या प्रोग्राममार्फत आकडा बाकीच्या घराला देतो. वेळ, मेमरी, कशाचीच चणचण नाही. ज्याला पहिल्याच फटक्यात चालणारी व्यवस्था हवी त्याने हीच घ्यावी. २००९ मध्ये सत्यनारायणन आणि सहकाऱ्यांनी ‘क्लाउडलेट’ म्हणून जे मांडलं, फोनच्या एका हाकेवर असलेला बऱ्यापैकी दणकट संगणक, त्याचंच हे घरगुती रूप. सिस्कोने २०१२ च्या सुमारास याच मधल्या थराला ‘फॉग’ नाव दिलं होतं. नाव मागे पडलं, थर राहिला.

९ फेब्रुवारी

राउटरमधून बाहेरची केबल उपटून पायला रीस्टार्ट केलं. एजवर चालतं म्हणणाऱ्या कुठल्याही वस्तूची ही पहिली चाचणी असावी असं माझं मत आहे. वस्तू जुनी झाल्यावर नव्हे, पहिल्या आठवड्यातच.

प्रोग्राम सुरूच होईना. मॉडेलची फाइल डिस्कवर होती, पण लायब्ररी उघडताना नवी आवृत्ती आली आहे का हे विचारायला बाहेर जात होती आणि उत्तराची वाट बघत बसत होती. ऑफलाइनची सेटिंग सापडली, फाइलचा पूर्ण मार्गही दिला. सुटलं.

दुसरा घोळ खरा भारी निघाला. रात्री पावणेतीनच्या सुमाराला वीज गेली, सकाळी आली, पण इंटरनेट मात्र दुपारपर्यंत नव्हतं. पाय ४ मध्ये स्वतःचं घड्याळ नाही; चालू होताना तो शेवटची नोंदवलेली वेळ उचलतो आणि नेटवरून खरी वेळ मिळेपर्यंत तिथूनच पुढे मोजतो. त्याच्या लेखी तीन वाजत होते आणि घरात आंघोळी चालू होत्या. भर रात्री एवढं पाणी वाहतंय म्हटल्यावर त्याने गळतीचा भोंगा सुरू केला, आणि तो पायच्या समजुतीने पहाट होईपर्यंत वाजत राहिला.

इथेच पाणी मुरत होतं. मॉडेल घरात, डेटा घरात, आणि सगळ्या निर्णयाला आधार असलेली वेळ मात्र बाहेरून उसनी. डीएस३२३१ हे बॅटरीवरचं घड्याळ जोडलं. पाय ५ मध्ये घड्याळ आतच आहे, बॅटरी मात्र वेगळी लावावी लागते. शिवाय नियम घातला: वेळेची खात्री नसेल तर आकडे लिही, गळतीबद्दल गप्प बस.

२२ फेब्रुवारी

मॉडेल बोर्डावर. पाय आता फक्त आकडे जमा करणार, वाचन त्याच्याशिवाय व्हायला हवं.

पहिली अडचण मॉडेलची नव्हतीच. १६०० बाय १२०० चा फोटो उघडला की प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट, म्हणजे ५.७६ मेगाबाइट, पीएसरॅम आहे ४. फोटो ८०० बाय ६०० वर आणला, १.४४ मेगाबाइट, बसला. त्यातून प्रत्येक आकड्याचा २० बाय ३२ ठिपक्यांचा तुकडा कापला. एक तुकडा १,९२० बाइटचा. सर्व्हरकडे दीडशे किलोबाइट जात होते, त्यातलं कामाचं म्हणजे असे सहा तुकडे.

मॉडेल टेन्सरफ्लो लाइट मायक्रोवर, म्हणजे छोट्या बोर्डांवर मॉडेल चालवणाऱ्या गूगलच्या लायब्ररीवर. मूळ टेन्सरफ्लो लाइट २०१७ चं, फोनसाठी. २०२४ मध्ये गूगलने त्याचं नाव लाइटआरटी केलं, त्यामुळे जुनी आणि नवी कागदपत्रं दोन्ही नावांनी शोधा. आधी तक्रार आली की अमुक ऑपरेशन (मॉडेलच्या गणितातली एक पायरी) सापडत नाही. मायक्रोमध्ये लागणारी ऑपरेशनं एकेक करून नोंदवावी लागतात. सगळी एकदम नोंदवली तर फर्मवेअर, म्हणजे बोर्डावरचा प्रोग्राम, फुगतं. मग टेन्सर अरेना, म्हणजे मॉडेल चालताना लागणारी कामाची मेमरी, अपुरा. कागदावर आतली मेमरी ५२० किलोबाइट दिसते, पण वाय-फाय आणि कॅमेरा सुरू झाल्यावर सलग मोकळा तुकडा शंभर किलोबाइटच्या आसपास उरतो. अरेना पीएसरॅममध्ये टाकला तर चालतं, पण वाचन रेंगाळतं. मॉडेल आठ-बिटी पूर्णांकांवर आणल्यावर वजनं (मॉडेलने शिकून साठवलेले आकडे) एक चतुर्थांश जागेत मावली, अरेना आतच मावला आणि सहाही आकडे सेकंदाच्या आत वाचून झाले. अरेना किती लागला ते वाचन झाल्यावर इंटरप्रिटरलाच (लायब्ररीतल्या मॉडेल चालवणाऱ्या भागाला) विचारता येतं. आधी मोठा ठेवा, विचारा, मग कापा.

आकडे मात्र निम्मे चुकत होते. तुकडा कार्डावर जसाच्या तसा उतरवून संगणकावर उघडला, तर मीटरचं लाल चाक निळं. जेपीईजी उघडणारं फंक्शन निळा-हिरवा-लाल असा क्रम देत होतं, मॉडेल शिकलं होतं लाल-हिरवा-निळा. मॉडेलला शिव्या घालण्याआधी त्याला प्रत्यक्षात काय दिसतंय ते बघायचं, एवढीच यातली तरकीब.

२ मार्च

दिवसा अचूक, रात्री ८ चे ३ आणि ० चे ६. आठ-बिटी रूपांतर करताना नमुन्याचे फोटो द्यावे लागतात. त्यावरून प्रत्येक थरातले आकडे किती ते किती फिरतात हे ठरतं. दिलेले सगळे फोटो दिवसाचे होते. रात्री दिव्याचा पांढरा उजेड आला की आकडे त्या मर्यादेबाहेर जाऊन कापले जात होते. मूळ दशांशातलं मॉडेल त्याच रात्रीच्या फोटोंवर बिनचूक होतं, त्यावरून दोष सापडला. नमुन्यात रात्रीचे, अर्धवट उजेडाचे आणि काचेवर थेंब असलेले फोटो घातले, मॉडेल पुन्हा न शिकवता प्रश्न मिटला.

८ मार्च

दोन आकड्यांच्या मधोमध थांबलेलं चाक. ४ अर्धा वर गेलाय, ५ अर्धा दिसतोय. मॉडेल कधी ४ म्हणतं, कधी ५, दोन्ही छातीठोकपणे. दहा आकड्यांच्या दहा वर्गांपुढे अकरावा वर्ग काढला, ‘अर्धवट’ नावाचा. मग निर्णय मॉडेलकडून काढून साध्या नियमांकडे दिला: उजवीकडचं चाक ९ वर असेल तर डावीकडचं अजून जुन्या आकड्यावर धरायचं, ० किंवा १ वर असेल तर नव्या. मीटर मागे जात नाही; आणि दहा मिनिटांत त्या नळीतून जास्तीत जास्त किती पाणी जाऊ शकतं त्यापेक्षा उडी मोठी असेल तर वाचन टाकून द्यायचं. या तीन ओळींनी जेवढ्या चुका गेल्या तेवढ्या मॉडेल मोठं करून गेल्या नव्हत्या.

फर्मवेअरचा क्रमही बदलला. आधी वाय-फाय जोडल्याशिवाय पुढे जातच नव्हतं, म्हणजे राउटर बंद तर वाचनही बंद. आता आधी वाचन, मग कार्डावर नोंद, मग जमलं तर जोडणी आणि साठलेलं एकदम पाठवणं.

२३ मार्च

फावल्या वेळातला उपद्व्याप: आठवड्याचा वापर दोन वाक्यांत सांगणारं भाषा-मॉडेल, तेही घरातच. पाय ५, ८ जीबी. तीन अब्ज पॅरामीटरचं (म्हणजे तेवढ्या वजनांचं) मॉडेल चार-बिटी करून लामा-सीपीपी या प्रोग्रामवर.

वेग आधीच कागदावर काढता येतो. पाय ५ ची मेमरी सेकंदाला सुमारे १७ गिगाबाइट देते. एक टोकन (शब्दाचा तुकडा) लिहायला जवळजवळ सगळी वजनं एकदा वाचावी लागतात, ती साधारण २ गिगाबाइट. म्हणजे सेकंदाला आठ टोकन ही कमाल. प्रत्यक्षात पाचच्या आसपास. देवनागरी शब्दाचे टोकन इंग्रजीपेक्षा बरेच जास्त पडतात, म्हणून मराठी वाक्य आणखी संथ. पंखा नसेल तर ८० अंशांना प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. जाहिरातीतल्या टॉप्सच्या (सेकंदाला किती लाख कोटी गणितं) आकड्यांनी भुलणाऱ्यांनी हे गणित एकदा करावं. कोपायलट प्लस संगणकांना मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये एनपीयूसाठी (मॉडेलची गणितं करणाऱ्या प्रोसेसरसाठी) ४० टॉप्सची अट घातली आणि रॅम १६ जीबी. मजकूर एकेक टोकन लिहिताना आधी अडते ती मेमरी.

वेग चालवून घेतला असता. पण तिसऱ्या सारांशात मॉडेलने वापर ‘गेल्या आठवड्यापेक्षा १८ टक्के कमी’ असं लिहिलं. गेल्या आठवड्याचा आकडा त्याला दिलेलाच नव्हता. सगळं काढून टाकलं आणि चार जर-तर असलेला साचा बसवला. तो बोर्डावरही चालतो.

यावरून आठवलं: ॲपलच्या ए११ चिपमध्ये २०१७ साली न्यूरल इंजिन आलं ते चेहरा ओळखण्यासारख्या बांधीव कामाला, आणि तो चेहरा फोनबाहेर जात नव्हता. २०२४ मध्ये त्याच कंपनीने फोनवर सुमारे तीन अब्ज पॅरामीटरचं मॉडेल ठेवलं आणि त्याला न पेलणारं काम स्वतःच्या प्रायव्हेट क्लाउड कंप्यूटवर पाठवायची सोय केली. सर्व्हर आपलं बोलणं साठवत नाही, हे त्यांचं म्हणणं ठीक आहे. पण ‘उपकरणावर’ याचा अर्थ आता ‘आधी उपकरणावर’ इतका झालाय, आणि कुठली विनंती कुठे गेली हे वापरणाऱ्याला चटकन दिसत नाही. केबल उपटून बघितलं तर दिसतं.

६ एप्रिल

मीटर बदलला. नव्याच्या आकड्यांचा घाट वेगळा, ७ ला आडवी रेघ. मॉडेल ७ ला ‘अर्धवट’ म्हणतं.

वाचन बोर्डावर आलं तरी शिकवणं तिथे नाही. गूगलने २०१७ मध्ये जीबोर्डसाठी फोनवरच शिकवून फक्त बदल बाहेर पाठवण्याची फेडरेटेड पद्धत जाहीर केली, पण तिला हजारो फोन लागतात. माझ्याकडे एक मीटर. म्हणून मॉडेलची खात्री कमी असेल तेवढेच तुकडे कार्डावर ठेवते, कार्ड हाताने लॅपटॉपला लावते, नावं देते, शिकवते. मॉडेल लहान असल्यामुळे शिकवायला मिनिटं लागतात, नावं द्यायला संध्याकाळ.

नवं मॉडेल बोर्डावर नेताना आधी पूर्ण फर्मवेअर हवेतून पाठवत होते. ४ मेगाबाइटच्या फ्लॅशमध्ये (बोर्डाच्या कायमच्या मेमरीत) फर्मवेअरच्या दोन प्रती ठेवल्या की जागा संपते, आणि अर्ध्यात वायफाय तुटलं की शिडी घेऊन मीटरपाशी जाणं आलं. आता मॉडेलला फ्लॅशमध्ये वेगळा कप्पा दिलाय, म्हणून नव्वदएक किलोबाइटच जातात. कार्डावर ओळखीचे काही तुकडे उत्तरांसकट ठेवले आहेत. नवं मॉडेल आधी ते वाचतं. सगळे बरोबर आले तरच जुन्याची जागा घेतं, नाहीतर जुनं चालू राहतं आणि पायला तसा निरोप जातो.

आजची स्थिती: इंटरनेट तोडलं तर काहीच फरक नाही. पाय बंद केला तर वाचन चालू, सूचना बंद. बोर्डाची वीज गेली तर सगळं ठप्प, त्यावर छोटी बॅटरी लावायची आहे. दमट हवेत काचेच्या आतून वाफ धरते, ती मात्र अजून सुटलेली नाही. खोक्यात सिलिका जेलची पुडी टाकली आहे. ‘अर्धवट’ वर्गातले फोटो एकाएकी वाढले की आधी काच पुसते आणि मग मॉडेलकडे बघते.